मिस्त्रींचं टेबल आणि डॉक्टरांची मान

त्या गल्लीत फर्निचर करणारे पुष्कळ होते, पण कॉम्प्युटर टेबल करावं तर मिस्त्रींनीच. गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून ते आधी त्याच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजत आणि मगच की-बोर्डची सरकती फळी बेतत. वीस वर्षं त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. मग घरोघरी गेम कन्सोल शिरले. खेळ टीव्हीवर, टीव्ही भिंतीवर आणि माणूस सोफ्यावर आडवा. आडव्या माणसाला टेबल कशाला लागतंय?

शेवटचं टेबल आठ महिने दुकानात धूळ खात पडलं होतं. बायकोने निर्वाणीचं सांगितलं होतं, "या महिन्यात हे गेलं नाही, तर मी त्यावर कुंड्या मांडणार." सागाच्या त्या टेबलावर पाण्याचे डाग पडलेले मिस्त्रींना बघवले नसते.

अशात दातांच्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. त्यांच्या घरी महिनाभर वाद पेटला होता. डॉक्टरांना कन्सोल हवा, डॉक्टरीणबाईंना कॉम्प्युटर. डॉक्टरांनी मेहुण्याचा कन्सोल चार दिवसांसाठी आणून टीव्हीला जोडलासुद्धा होता. आता त्यांना टीव्हीखाली ठेवायला काहीतरी बुटकं करून हवं होतं.

"मिस्त्री, माप घ्या," डॉक्टर म्हणाले.

"घेतो की. पण खेळताना तुम्ही बसता कसे ते बघितल्याशिवाय माप कसलं?"

मिस्त्रींनी स्वयंपाकघरातून दोन लाकडी खुर्च्या आणल्या आणि अशा कोपऱ्यात मांडल्या, की मान वर करून डावीकडे वळवल्याशिवाय टीव्ही दिसू नये. "बसा दोघं. अर्धा तास खेळा."

डाव सरळ होता. माना अवघडल्या की डॉक्टर आपणहून कन्सोलचा नाद सोडणार. मग कॉम्प्युटर, आणि कॉम्प्युटर म्हटला की टेबल.

गाड्यांची शर्यत सुरू झाली.

"अहो, माझ्या गाडीला धक्का काय मारताय?"

"शर्यतीत नवरा-बायको नसतं."

"घरात असतं. संध्याकाळी जेवायचंय ना तुम्हाला?"

अर्ध्या तासाने मिस्त्रींनी साळसूदपणे विचारलं, "डॉक्टर, मान कशी आहे?"

"मानेला काय धाड भरलीय? दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघतो मी. ही तर विश्रांती झाली."

मिस्त्रींचा चेहरा उतरला. दाढ धरून त्यांच्या दवाखान्यात तीनदा जाऊन आलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. पण अजून बाईंचा आधार होता.

बाई मान चोळत उठल्या. "माझी मात्र पार गेली. अर्धा तास खुर्चीत बसून ही गत, आणि कॉम्प्युटर म्हणजे तासन्‌तास खुर्चीच ना? नको गं बाई. लोळत खेळता येतं तेच बरं. अहो, कन्सोलच घ्या."

"बाई, ही खुर्चीच जरा वाकडी असेल," मिस्त्री घाईघाईने म्हणाले.

"खुर्ची तुम्हीच केलेली आहे, मिस्त्री."

मिस्त्रींनी टीव्हीखालच्या जागेचं माप घेतलं. लांबी-रुंदी त्यांच्या टेबलाएवढीच होती. फरक होता तो उंचीचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टेबलाच्या पायांवर पेन्सिलीने रेघ मारली, पुसली, पुन्हा मारली. मग करवत घेतली. बायको दारात उभी राहून बघत होती. मग पुढे होऊन तिने टेबल घट्ट धरलं.

आठवड्याभरात ते बुटकं टेबल डॉक्टरांकडे पोचलं. वर नवा कन्सोल बसला, सरकत्या फळीवर दोन रिमोट बसले. शर्यत सुरू झाली आणि मध्येच डॉक्टर खाली वाकले. वाकायची त्यांना सवयच.

"मिस्त्री, पाय कापलेले दिसतात. मूळचं उंच टेबल होतं का हे?"

"होतं."

"मग ते तुकडे?"

"जपून ठेवलेत. जोडायच्या खुंट्यांसाठी भोकंही पाडून ठेवलीत. घरात कॉम्प्युटर आला की निरोप धाडा, तासाभरात जोडून देतो."

डॉक्टर हसले. "अहो, उपटलेला दात कुणी परत बसवतं का?"

"तुमच्या दवाखान्याच्या पाटीवर तर 'दात बसवून मिळतील' असंच लिहिलंय," मिस्त्री म्हणाले.

डॉक्टर वळून टीव्हीकडे बघतात, तोवर सोफ्यावर आडव्या झालेल्या बाईंनी त्यांची गाडी मागे टाकली होती.