राब न भाजलेला वाफा

विनायक गेल्याची बातमी मोखाड्याच्या टपालवाल्यानं आणली, तेव्हा मी वर्गात भागाकार शिकवत होतो. डोळ्यांत पाणी आलं, हे खरं. पण त्याच्याही आधी मनात आलं, की आता तरी लोक माझी त्याच्याशी तुलना करायचं सोडतील... महिना झाला, ती लाज अजून जात नाही.

जव्हार संस्थानच्या शाळेत आम्ही एकाच दिवशी रुजू झालो. शास्त्र मी पुस्तकातून शिकवायचो, घडाघडा. विनायक पोरांना शेतात न्यायचा. इथे नागली-भाताची रोपं करायच्या जागेवर उन्हाळ्यात पाला, शेण, फांद्या पसरून राब भाजतात. का भाजतात, हे तो पोरांनाच विचारायचा. मग त्यानं शाळेमागे दोन वाफे केले. एकात राब भाजला, दुसरा तसाच ठेवला. पोरं रोपं मोजून वहीत लिहीत; भाजलेल्या वाफ्यातली जास्त आणि जोमदार निघाली. मला हा पोरखेळ वाटे. आणि दरबारनं एका शिक्षकाला विलायतेला पाठवायचं ठरवलं, तर निवड त्याचीच! डोंगरातल्या मुलांना शास्त्र कसं शिकवावं, यावर प्रबंध लिहून तो डॉक्टर होणार होता. मी त्याच्या गळ्यात हार घातला आणि घरी येऊन बायकोवर विनाकारण खेकसलो.

पुढच्या वर्षी त्याचं पत्र आलं. "भाऊ, एका वर्षाच्या वह्या परीक्षकांना पुरत नाहीत. तेच दोन वाफे पुन्हा कर. तुझ्याशिवाय कोणाला सांगू?"

मी केले. एका दुपारी शाळेच्या मागच्या दारात आलो, तर साखरशेतची पोरं दुसऱ्या वाफ्यावरही पाला पसरून तो भाजत होती. विनायक गुरुजींचा वाफा असा उघडा पडलेला त्यांना बघवेना! मी अडवायला हवं होतं, निदान विनायकला कळवायला. मी गुपचूप मागे फिरलो. पावसाळ्यात दोन्ही वाफे सारखेच तरारले, पोरांनी ते इमानानं लिहिलं आणि मी त्या वह्या एका शब्दाचीही भर न घालता विलायतेला धाडल्या.

दोन वर्षांच्या वह्या एकमेकींना खोटं पाडतात, म्हणून प्रबंध नाकारला गेला. विनायक पदवीविना परतला, पुन्हा वर्गात उभा राहिला. तरी सूर्यमाळची पोरं सुटीतही त्याच्याकडे चालत येत. एवढं करूनही जळत राहिलो तो मीच.

विनायकच्या दहाव्याला लाडक्या भेटला, वाफा भाजणाऱ्या त्या पोरांतला एक. आता चांगला बाप्या झालाय. मला राहवलं नाही. "त्या वाफ्याचं गुरुजींना कधी कळलं का रे?"

"विलायतेहून आलं, तवाच आमी सांगला. लय हसलं. तुमी दारात उभं व्हते, तेपन सांगला."

"मग?"

"मग काय नाय. म्हनलं, भाऊला यातला काय इचारू नका."

म्हणजे पंधरा वर्षं त्याला माहीत होतं... खरं काय घडलं ते मी लिहून दिलं असतं, तर प्रबंध पुन्हा तपासला गेला असता. त्यानं ते कधी मागितलं नाही. उलट दर रविवारी माझ्या ओटीवर यायचा, कोरा चहा प्यायचा आणि माझ्याच वर्गातली कोणती पोरं हुशार आहेत, ते मला सांगायचा. रविवारी अजून माझे कान फाटकाकडे असतात. पदवीचा हेवा केव्हाच संपला. पण सगळं माहीत असून माझ्या घरी येत राहणं मला जन्मात जमलं नसतं, आणि त्याचा हेवा मी मरेपर्यंत करणार आहे.