सरांचं उघडं राहिलेलं खातं

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. खराडीच्या एका कंपनीतली ही मात्र जशीच्या तशी आठवते.

मी तेव्हा सायबर विभागात निरीक्षक होते. कंपनीचे व्यवस्थापक तक्रार अर्ज घेऊन आले. एका ग्राहकाच्या यंत्राचे आराखडे चोरीला गेले होते. संगणकातल्या नोंदींप्रमाणे चोरी झाली ती कंपनीच्या जुन्या सिस्टिम प्रमुखांच्या खात्यातून. ते गृहस्थ चार महिन्यांपूर्वी वारले होते. तरीही त्यांचं खातं रोज सकाळी सव्वानऊला उघडत होतं.

आमचे हवालदार मुळशीकडचे. नोंदी चाळून म्हणाले, "मॅडम, मेलेला माणूस रोज येळेवर हजेरी लावतोय. आपल्याकडं जित्यांना जमत न्हाई."

खातं बंद करण्याचं काम ज्यांच्याकडे होतं, त्या बाईंना जबाबाला बोलावलं. पस्तिशीच्या, त्या वारलेल्या सरांच्या हाताखाली नऊ वर्षं काम केलेल्या.

"खातं तुम्ही उघडता?"

"हो. सरांनी दवाखान्यातून पासवर्ड दिला होता. कामं अडू नयेत म्हणून."

"ते गेल्यावर बंद का केलं नाहीत?"

उत्तराची वाट न बघता मी स्पष्टच सांगितलं, "बाई, नोंदींवरून तुम्हाला अटक होऊ शकते. तुमचे व्यवस्थापक कामावरून काढण्याचं पत्र टाइप करूनच आलेत. बोलायचं असेल तर आत्ता बोला."

मग त्या बोलल्या. खात्यात शिरलं की लॉगिन शेल उघडतं, म्हणजे हुकूम टाइप करायची काळी खिडकी. उघडताना ते आधी एक फाइल वाचतं आणि त्यात लिहिलेलं पाळतं. सरांनी त्या फाइलमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती. तीच रोज पहिल्यांदा स्क्रीनवर यायची.

"कोणती ओळ?"

"'आलात? आधी चहा घ्या, मग कामाला लागा.' ते रोज तसंच म्हणायचे. आता तसं कोणी म्हणत नाही."

"मग तुम्ही काय करायचात?"

"चहाला जायचे."

मी पेन खाली ठेवलं. "स्क्रीन बंद करून?"

"नाही. आमच्याकडे कोणीच करत नाही. आपल्याच माणसांत कुलूप लावणं बरं दिसत नाही."

दहा मिनिटं कोणी काही टाइप केलं नाही, तर शेल आपोआप बंद व्हावं, अशी सेटिंग कंपनीने केलेली होती. सरांना तिचा त्रास व्हायचा, म्हणून आपल्या खात्यापुरती त्यांनी ती काढून टाकली होती. गेटच्या कार्डाप्रमाणे चोरीच्या दिवशी बाई नऊ वीसला बाहेर पडल्या आणि पावणेदहाला परतल्या. आराखड्यांची नक्कल झाली साडेनऊला. त्या वेळी सगळी टीम टपरीवर होती. आत एकटा सहकारी. पित्तामुळे चहा न पिणारा.

"पुण्यात च्या न पिणारा माणूस. आधी त्यालाच बघायला पायजे हुता," हवालदार म्हणाले.

पंचांसमोर त्याची घरझडती घेतली. पेन ड्राइव्हवर आराखडे मिळाले. दुसऱ्या कंपनीत जाताना त्याला ते बरोबर न्यायचे होते. जबाबात म्हणाला, "खातं उघडंच होतं हो. आणि ते वारलेले. त्यांना काय फरक पडणार?"

बाईंची नोकरी वाचली. आपोआप बंद होण्याची सेटिंग कंपनीने कोणालाही बदलता येणार नाही अशी केली. नोंदींची प्रत सील झाल्यावर सरांचं खातं बंद करायचं होतं. तिथे शेलच उघडू नये, असा एक हुकूम त्यासाठी पुरतो. बाई की-बोर्डशी बसल्या.

"मॅडम, एकदा उघडू?"

"उघडा. पंच खोळंबलेत."

ओळ आली. त्यांनी वाचली. त्या दिवशी मात्र चहाला न जाता हुकूम टाइप केला. पुन्हा उघडून पाहिलं, तर खातं उपलब्ध नाही, एवढंच आलं.

गेलेल्या माणसाचं खातं त्याच दिवशी बंद करावं, हे मी पुढे प्रत्येक व्याख्यानात सांगितलं. सांगायला सोपं आहे. माझ्या स्वेच्छानिवृत्तीच्या दिवशी ऑफिसमधल्या माझ्या खात्याबद्दल कारकून म्हणाले, "राहू द्या मॅडम, कधी लागेल." मी म्हटलं, "नाही, माझ्यासमोर बंद करा." केलं.

आता कसब्यातल्या घरी नऊच्या सुमारास चहा होतो. कप ठेवला की बोटं टेबलावर माझा तो जुना पासवर्ड टाइप करतात. अजून एक अक्षर चुकत नाही.