मावशीची बाग-ए-आम

आमच्या मानवत गावात अशी एकही जास्वंद नसेल, जिने आमच्या मावशीच्या हाताचा धसका घेतलेला नाही. रोज उजाडायच्या आत मावशी अंघोळ करून, एका हातात परडी आणि दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी घेऊन निघते आणि लोक चूळ भरायला बाहेर येईतो त्यांच्या अंगणांचा रंग उतरलेला असतो. याला चोरी म्हणायची कुणाची टाप नाही, कारण मावशी लपूनछपून काही करतच नाही. काठी पुरली नाही की ती सरळ घरमालकालाच हाक मारते, "जरा स्टूल दे रे भाईर!" एका निवृत्त मास्तरांनी वैतागून गुलाबांवर मच्छरदाणी घातली, तर मावशीने भर रस्त्यात मोठ्या काळजीने विचारलं, "मास्तर, डास फुलाला बी चावायलेत का?" मास्तरांनी त्याच दिवशी मच्छरदाणी काढली. माझ्या लग्नातला हार तर फोटोतही एका बाजूने लांडा दिसतो. माझ्या गळ्यात पडला की हार उष्टा होणार, म्हणून मावशीने त्यातली चांगली टपोरी शेवंती आधीच काढून घेतली होती.

हे सगळं पूजेसाठी. मावशीच्या गळ्यात लिंगायतांचं इष्टलिंग असतं. ते डाव्या तळहातावर घ्यायचं, भस्म लावायचं, फूल वाहायचं आणि मगच घास घ्यायचा, हा तिचा नेम. ताप असो, प्रवास असो, लग्नघर असो, तो मोडल्याचं कुणाला आठवत नाही. फूल ताजं हवं, न हुंगलेलं हवं आणि जमिनीवर पडलेलं तर मुळीच नको.

अशा या मावशीचा खरा वाढदिवस तिलाही ठाऊक नाही. आधार कार्डावर तिच्या पिढीतल्या निम्म्या लोकांसारखाच एक जानेवारी पडला आहे, आणि त्यावर ती बेहद्द खूश आहे. "माझ्या वाढदिसाला समदं जग नाचायलंय," असं ती सांगत असते. यंदा मी विचारलं, कुठं जायचं? उत्तर तयारच होतं. "हैद्राबादला ने. बाग-ए-आम बघायचीय." तिचे वडील निजामाच्या काळात कापसाच्या कामाने हैदराबादला जात आणि परत आले की तिथल्या या सार्वजनिक बागेचं वर्णन करत. तेव्हापासून ती बाग मावशीच्या डोक्यात वाढत गेली होती, आणि वाढता वाढता परभणी जिल्ह्याएवढी झाली होती.

मी, माझी बायको आणि मावशी असे निघालो. मावशी रेल्वेत प्रत्येक स्टेशनाला "आलं का रे?" विचारत होती. सकाळी लॉजवर अंघोळी झाल्या. मी म्हणालो, "खाली फुलवाला बसलाय, पूजा इथंच उरकून घे." मावशीने माझी कीव केली. "येड्या, एवढ्या मोठ्या बागंला जायचं अन् फुलं इकत घ्यायची?"

फाटकातून आत शिरल्याबरोबर मावशी सुटलीच. ह्या वाफ्यावरून त्या वाफ्याकडे, आणि तिथून पुन्हा मागे. "अगं बाई, हे बघ! ताटाएवढं फूल हाय की!" तिचे गुडघे दुखतात हे तिचे गुडघेसुद्धा विसरले. गुलाबांपाशी पोचल्यावर तिने पदर खोचला आणि हात लांब केला. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"अम्मा! हात नक्को लगाव! फूल तोडना मना है!" एक रखवालदार धावत आला.

"अरे बाबा, भगवान को चढाने को होना."

"सबको मना है, अम्मा. मेरी नौकरी जाती."

देवालाही मना आहे का, असं विचारायला मावशीने तोंड उघडलं होतं. नोकरीचं ऐकलं आणि तिने हात मागे घेतला.

दुपार झाली. बायकोने धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि बिनअंड्याचा केक बाकावर मांडला. मावशी नुसती बसून राहिली. साखरेचं दुखणं, त्यात सकाळपासून पोटात काही नाही. मी बाहेरून फुलं आणतो म्हटलं, तर म्हणाली, "बागंत बसून बाजारातली वाहू? मग आलो कशाला एवढ्या लांब?" भुकेच्या वेळी मी कुणावरही चिडतो. "मग राहा उपाशी! चक्कर येऊन पड, वाढदिवस दवाखान्यात करू!"

मावशी उठली आणि गुलाबांकडे गेली. तिने गळ्यातलं लिंग काढून तळहातावर घेतलं, भस्म लावलं. मग वाकून तो तळहात एका टपोऱ्या गुलाबाखाली नेला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने देठ अलगद खाली केला. पाकळ्या लिंगावर टेकल्या. तिने डोळे मिटले. देठ सोडल्यावर फूल होतं तिथं परत गेलं. रखवालदार तोंडात शिट्टी धरून पळत आला होता, त्याने ती खिशात घातली. मावशी पुढच्या झाडाकडे गेली, मग त्याच्या पुढच्या. अख्खा वाफा संपला तेव्हा कुठे ती परत आली आणि धपाट्याला हात घातला. माझा जीव भांड्यात पडला.

"झालं मनासारखं?" मी विचारलं.

"जल्मभर दुकानामागच्या दोन खोल्यांत राह्यले रे," ती घास चावत म्हणाली. "एक कुंडी ठिवायला जागा न्हाई. देवाला रोज दुसऱ्याच्या अंगणातलं वाह्यलं. आज म्हणलं, त्यालाच जरा हिंडवून आणावं."

मी खाली मान घालून केक कापला. मावशीने पहिला तुकडा त्या रखवालदाराला देऊन यायला मला पिटाळलं. परत आलो तर तिने पदराआडून लिंगावर हात ठेवला होता आणि मान खाली घालून हळूच विचारत होती, "आवडली का रे बाग?"

मी तिथंच थांबलो. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत मला पुढं जावंसं वाटलं नाही.