वणेकाठचा आमचा डेक आणि पाहुणे आलेले साहेब

आज सकाळी लेकीनं व्हिडिओ कॉलवर तिच्या नव्या घराचा डेक, म्हणजे घराला लागून असलेला लाकडी ओटा, दाखवला. मी म्हटलं, अगं, आमच्या हिंगणघाटच्या घराला पण होता डेक! तिचा विश्वासच बसेना... म्हणून हे लिहितेय.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते. घर रस्त्यावर, पुढे बाबांचं किराणा दुकान आणि मागे उतार, थेट वणा नदीकडे. पुढची ओसरी सदा पुरुषमाणसांनी भरलेली... कापसाचा भाव, राजकारण, पानसुपारी! त्या गर्दीत आई बसणार कुठे? स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर. बस्स, तेवढीच तिची जागा.

आईनं आयुष्यात काही मागितलं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मात्र एकदम म्हणाली, "मले मांगच्या बाजूनं बसाले जागा पायजे. नदीची हवा येते तिथं." बाबा चकितच झाले! पण दुसऱ्याच दिवशी सागाच्या फळ्या आणून टाकल्या. उतारावर खांब रोवायचे, वर फळ्यांचा ओटा, बाजूला कठडा... ठरलं!

पण नदीकाठचं बांधकाम, म्हणजे नगरपालिकेची परवानगी घेणं आलं. अर्ज मी लिहिला, माझ्या सगळ्यात सुंदर अक्षरात. बाबांनी हेलपाटे घातले. शेवटी सांगण्यात आलं की ओव्हरसियर साहेब येऊन जागा पाहतील, आणि तोवर तिथं एक खिळाही ठोकायचा नाही. ठोकला तर अर्ज रद्द.

साहेब येणार म्हटल्यावर घरात नुसती धांदल! सरकारी माणूस पहिल्यांदाच घरी येणार... आणि त्यांना बसवायचं कुठे? पाहायची जागा मागे, तिथं खुर्ची ठेवली तर साहेब थेट नदीत!

बाबा म्हणाले, "पाहुण्याले काय उभं ठेवू? लोकं थुकतील तोंडावर." शेजारच्या सुतारकाकांना हाक मारली. फळ्या पडलेल्याच होत्या, म्हटलं तात्पुरतं काहीतरी मांडू. पण सुतारकाका म्हणजे अर्धं काम माहीतच नाही! खांब गाडले, फळ्या ठोकल्या, दुपारपर्यंत कठडासुद्धा लावून मोकळे. आम्ही सगळे खूश... साहेबांची काय छान सोय झाली! खरं सांगते, एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

साहेब आले. आम्ही त्यांना त्यावर खुर्ची दिली. पोहे, वर शेव, कैरीचं पन्हं... साहेबांनी पोहे दोनदा घेतले. "वा! काय हवा हाय हो इथं!" म्हणत पाय लांब केले.

मग टेप काढून उठले. "चला, दाखवा. कुठं बांधाचं म्हणता?"

बाबा माझ्याकडे पाहतात, मी सुतारकाकांकडे, सुतारकाका नदीकडे... शेवटी स्वयंपाकघराच्या दारातून आईच बोलली, "सायब, त्याच्यावरच बसून राह्यले होते तुम्ही."

बाप्पा! साहेबांचा चेहरा लालबुंद. "मंजुरीच्या आधी बांधलं? आता मी काय लिहू? मी सोताच बसलो त्याच्यावर!" अर्ज रद्द करावा लागेल म्हणाले.

तेव्हा आई बाहेर आली. परक्या माणसाशी त्या दिवसापर्यंत कधी न बोललेली माझी आई, डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. "पाहुण्याले बसवाचं कुठी, एवढाच इचार केला जी आम्ही. ओसरी माणसाईची हाय. मले घरात बसाले जागा नाई. हे मोडा म्हनसान तर आत्ता मोडतो. पण अर्ज नोका फाडू."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रिकाम्या बशीकडे. मग छत्री उचलली. "सांजच्याले पुन्हा येतो. तवा मले इथं नुसता उतार दिसला पायजे."

मग काय विचारता! ओसरीतली सगळी मंडळी गप्पा सोडून मागे धावली. एवढी वर्षं आमच्याकडे येऊन बसणारे, पण घराची मागची बाजू त्यांनी पाहिलीच नव्हती. खिळे उपटले, खांब काढले, फळ्या भिंतीला लावल्या. संध्याकाळी साहेब उतारावर तिरपे उभे राहून मोजमाप घेत होते. शेजारच्या भिंतीवरची पुराची खूण पाहिली, खांब हातभर उंच करा म्हणाले. खांबांचे ताजे खड्डे त्यांना दिसले नाहीत, की दिसूनही बोलले नाहीत, देव जाणे! चहालासुद्धा थांबले नाहीत. बहुतेक बसायची भीती वाटली असेल 😄

मृगाच्या आधी परवानगी आली. मी तर कागद घेऊन गल्लीभर नाचले! सुतारकाकांनी एका दिवसात सगळं पुन्हा उभं केलं.

पहिल्या संध्याकाळी आई एकटीच जाऊन बसली. हातात सूप नाही, निवडायचं धान्य नाही... पाय खाली सोडून नुसती नदीकडे पाहत होती. मी आईला असं रिकाम्या हातानं बसलेलं त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. दारात उभी राहून मी ढसाढसा रडले, आणि आनंदानं हसतही होते.

थोड्या वेळानं बाबा स्टूल घेऊन आले आणि दारातच थांबले. "येऊ काय वं?" आईनं जरा विचार केला. "या. पण एकटेच येजा."

नगरपालिकेची परवानगी एकदाच घ्यावी लागली... आईची मात्र बाबांनी शेवटपर्यंत रोज घेतली. त्याबद्दल बाबांना आज मनापासून नमस्कार.