गाण्यात नावासाठी सोडलेली जागा

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मावा-जिलेबीचं दुकान आहे. सकाळी नवाच्या सुमारास तिथली मोठी कढई भट्टीवर चढते आणि दूध आटू लागलं की त्याचा वास दोन घरं ओलांडून माझ्या ओट्यापर्यंत येतो. बुऱ्हाणपूरची माणसं या वासानं खूश होतात, आल्यागेल्या पाहुण्याला हाताला धरून तिथं नेतात. मला मात्र वॉर्ड आठवतो. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी सरकारी दवाखान्यात, कुपोषित मुलांच्या वॉर्डात नर्स होते. तिथं दिवसातून कितीदा तरी दूध उकळायचं, त्यात साखर, तेल आणि कुरमुऱ्यांची पूड पडायची, आणि ते दूध पोटात जातं की ओठांवरूनच ओघळतं, एवढ्यावर एकेका लेकराचं पुढचं ठरायचं. निवृत्त होऊन आता चार वर्षं झाली. घरात मी एकटीच. भाऊ पुण्याला असतो, दिवाळीला आठवणीनं फोन करतो. दूध मी पाव लिटर घेते आणि तेही उरतं.

त्या वासाबरोबर एक माणूस येतो. त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्याच्या नावाचं पुढे जे झालं त्यानंतर ते उगाच कुठेही मांडू नये असं मला वाटतं, आणि माझं वाटणं मी या वयात कुणाला पटवून देत बसत नाही.

तो कोरकू होता, देडतलाईच्या पलीकडच्या डोंगरातल्या एका वस्तीवरचा. गुरांमागे हिंडता हिंडता पावा वाजवायला शिकला, आश्रमशाळेत हिंदी शिकला, सीमेपलीकडच्या नात्यागोत्यात मराठी शिकला. आधी लग्नांतून वाजवायचा, मग रेडिओवर वाजवलं, मग सरकारी महोत्सवांतून बोलावणी येऊ लागली. तिथं त्याला मोरपिसांचा टोप घालायला देत. ‘हे आमचं नाय’ असं सांगून तो टोप परत करायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा टोप तयारच असायचा. निवेदक त्याचं नाव कधी घ्यायचे नाहीत, ‘अब हमारे आदिवासी कलाकार’ एवढं म्हणायचे. हे तो हसत हसत सांगायचा. पण नीट नाव पुकारून, एकट्यासाठी लावलेल्या दिव्याखाली, पूर्ण तासभर आपलं संगीत ऐकवायची त्याला फार इच्छा होती. ती तो लपवत नसे, आणि म्हणूनच तो मला आवडला. नम्रतेचं ढोंग करणारी माणसं मी ड्यूटीवर पुष्कळ पाहिली होती.

वॉर्डात तो प्रथम आला तो भाचीच्या मुलाला घेऊन. त्याच्या एक गोष्ट लक्षात आली, जी आमच्या इतक्या वर्षांत आली नव्हती. आमच्याकडे आईला मुलासोबत चौदा दिवस राहावं लागे. डोंगरातल्या बाया पाच-सहा दिवसांत निघून जायच्या आणि आम्ही कागदावर लिहायचो, ‘न सांगता गेली’. घरी दुसरी लेकरं, शेत, कोंबड्या, ही कारणं आम्हाला ठाऊक होती. तो म्हणाला, ‘बाई, दुपारी यांच्याशी बोलनारं कोनी नाय. सकाळी डॉक्टर बोलते, संध्याकाळी झाडूवाली बोलते. दुपारी ही भिंत बोलते काय?’ मग तो आठवड्यातून चार दिवस बसनं यायला लागला. प्रत्येकीला गाव विचारायचा, गावच्या नाल्याचं नाव विचारायचा, डॉक्टरांचं म्हणणं तिच्या भाषेत सांगायचा, आणि तीन वाजले की खिडकीपाशी बसून पावा वाजवायचा. कुणी एक बाई गुणगुणायला लागायची, दुसरी तिला साथ द्यायची. खा म्हणजे जोम, पाणी म्हणजे दा, एवढं कोरकू त्यानं मला शिकवलं. बाया थांबू लागल्या. मुलांची वजनं वाढू लागली. मी तेव्हा दुपारच्या ड्यूट्या मुद्दाम मागून घ्यायचे, हे आता कबूल करायला हरकत नाही.

कुण्या एका साहेबांनी त्याला इंदूरच्या स्टुडिओत नेऊन त्याची बारा गाणी मुद्रित करून घेतली होती. ती त्यानं माझ्या फोनवर टाकून दिली. त्यांना नावं नव्हती, नुसते आकडे. संध्याकाळी स्वयंपाक करताना मी ती लावायचे. सातवं गाणं मला फार जवळचं झालं. संथ, पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर येणारं, आणि दर कडव्यात एका ठिकाणी शब्द थांबून नुसता हुंकार. मला ती अंगाई वाटायची. मला कुणी अंगाई म्हटल्याला पन्नास वर्षं उलटली होती, तेव्हा मी ती स्वतःकडे घेतली यात नवल नाही.

मग भोपाळचं बोलावणं आलं. पत्रिकेवर त्याचं नाव होतं, तासभराचा कार्यक्रम होता. जाऊन-येऊन पाच दिवस. नेमकी तेव्हा वॉर्डात तीन कोरकू बाया होत्या. त्यांतल्या एकीची दोन वर्षांची मुलगी इतकी खंगलेली, की नवव्या दिवशी तिनं पहिल्यांदा वाटीकडे हात केला तेव्हा मी आणि तिची आई दोघीही हसलो होतो. तो जायला तयार नव्हता. मीच मागे लागले. ‘दादा, जा तुम्ही. तुमची गाणी आहेत ना माझ्याकडे, मी रोज तीनला लावीन.’ यात मला आपण फार शहाण्या आहोत असंही वाटलं.

तो भोपाळला गेला आणि दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी फोन खिडकीत ठेवला, आवाज मोठा केला आणि सातवं गाणं लावून चार्ट भरायला गेले. परत आले तर वॉर्ड शांत होता. त्या आईनं मुलीचे दोन्ही कान आपल्या तळव्यांनी दाबून धरले होते. मला वाटलं, आवाज जास्त झाला. मी तो कमी केला. गाणं चालूच ठेवलं.

सकाळी ड्यूटीवर पोहोचले तेव्हा आमची आया दारातच उभी होती. ‘ताई, ते तिन्ही बाया चालल्या गेल्या. मी चाय आनायला गेली होती फक्त.’ तीन खाटा रिकाम्या होत्या. वाट्या-चमचे धुऊन, पुसून, खिडकीत पालथे घातले होते. चिडून गेलेली माणसं भांडी घासून जात नाहीत. या भिऊन गेल्या होत्या, आणि कशाला भ्यायल्या ते मला कळत नव्हतं.

तो भोपाळहून आला तो खुशीत होता. मी सगळं सांगितलं. कोणतं गाणं, म्हणून त्यानं विचारलं. मी लावलं, तर दोन सुरांतच त्यानं हात पुढे करून फोन पालथा केला. तो बाकावर बसला. मग बोलला ते हळू बोलला. त्यांच्यात माणूस गेल्यावर, सवडीनं, कधी वर्षा-दोन वर्षांनीही, सागाची पाटी कोरून उभी करतात आणि गेलेल्याला पूर्वजांत पोचवतात. हे गाणं त्या वेळचं. दर कडव्यात गेलेल्याचं नाव घ्यायचं असतं.

‘स्टुडिओत कोनी मेलं नव्हतं, बाई. नाव कोनाचं घेऊ? मी जागा मोकळी सोडली. बायांले वाटलं, गाणं नाव शोधून रायलं. अन् समोर लेकरं.’

‘मग मुळात दिलंत कशाला ते रेकॉर्ड करायला?’ माझा आवाज चढला होता. स्वतःचा राग मी त्याच्यावर काढत होते.

‘साहेब म्हनले, तुमच्यापासचं सगळ्यात जुनं द्या. देल्लं. मलेबी मोठं व्हायचं होतं.’ मग म्हणाला, ‘भोपाळलेबी हेच गायलो. लोकांनी लय टाळ्या वाजवल्या.’

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. देडतलाईपर्यंत बस, पुढे जीप, मग पायी. दोन बायांची लेकरं बरी होती, त्यांनी ऐकून घेतलं, चार दिवसांनी येतो म्हणाल्या आणि आल्याही. तिसरीच्या अंगणात मात्र मी हबकले. मुलगी मांडीवर आडवी पडली होती आणि चेहऱ्याशी आलेली माशी हाकलण्याइतकंही बळ तिच्यात उरलं नव्हतं. मी सलाइन, ताप, वजन असं काहीबाही बोलत सुटले. तो ते भाषांतर करून सांगतच नव्हता. आई मान हलवत होती, नाही, नाही.

मग त्यानं शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांना बोलावून आणलं. भर दुपार होती. पावा त्यानं पिशवीतून काढलाच नाही. अंगणाच्या मधोमध उभं राहून त्यानं तेच गाणं म्हणायला सुरुवात केली. मी त्याचा दंड धरला, तो त्यानं सोडवून घेतला. शब्द मला कळत नव्हते. पण जिथं फोनवर नुसता हुंकार यायचा तिथं या वेळी एक शब्द आला, आणि तो एकच शब्द मला कळला. ते त्याचं स्वतःचं नाव होतं. दर कडव्यात त्यानं ते घेतलं. एक म्हातारा उठून त्याच्याकडे न बघता निघून गेला. दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावले. गाणं संपलं तेव्हा त्या आईनं मुलीला कडेवर घेतलं, कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

परतीच्या बसमध्ये मी त्याला विचारलं, ‘दादा, तुम्ही खरं मानता हे?’

‘मले काय ठाऊक? तिले तर वाटलं ना. तिच्या वाटन्यावर तुमच्यापाशी इंजेक्शन हाय काय?’

ती मुलगी पुढे एकवीस दिवस राहिली आणि चालत घरी गेली.

त्यानं त्यानंतर पावा हातात धरला नाही. पोचवलेल्या माणसानं वाजवायचं नसतं, एवढंच म्हणाला. वाजवलंही असतं तरी लग्नाला त्याला आता कोण बोलावणार होतं? वॉर्डात येत राहिला, पण रिकाम्या हातांनी. गावं विचारायचा, दुभाष्याचं काम करायचा, तीन वाजले की बोलता बोलता गप्प व्हायचा. भोपाळच्या त्या कार्यक्रमानं मात्र त्याचं नाव झालं होतं. दिल्लीहूनसुद्धा फोन आले, आणि त्यानं माझाच नंबर दिलेला असल्यामुळे ते मीच घ्यायचे. ‘ते आता वाजवत नाहीत’ हे वाक्य मी इतक्यांदा उच्चारलं, की शेवटी शेवटी लोक कारणही विचारीनासे झाले. जे त्याला आयुष्यभर हवं होतं ते दारात येऊन उभं राहिलं होतं आणि दार लावायचं काम माझ्याकडे आलं होतं. ‘तुमचा काय दोष?’ असं तो कधीच म्हणाला नाही. त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. असं म्हणणाऱ्याजवळ मला बसता आलं नसतं.

गेल्या थंडीत तो वारला. आयाच्या ओळखीतून कळलं, म्हणून मी मातीला जाऊ शकले, नाहीतर मला कळवायचं कुणाला सुचणार होतं? परवा त्याच्या घरच्यांनी पाटी उभी केली. इतर दोघा मृतांबरोबर त्याचीही. मीही गेले होते. त्या दोघांसाठी गाणं झालं, नावं घेतली गेली. त्याच्या पाटीपाशी येऊन सगळे थांबले आणि कुणीच गायलं नाही. ‘त्याचं होऊन गेलं हाय, बाई,’ शेजारची बाई म्हणाली. ‘दोन डाव पोचवत नाय.’ ती त्या मुलीची आई होती. तिनंच मला ओढून बायकांत बसवलं होतं, नाहीतर मी आपली कडेला उभी होते.

एकटेपणाची मला सवय आहे. घरातली शांतता मी रोज ऐकते, तिच्यात काही नसतं. ही तशी नव्हती. इतकी माणसं जमलेली, आणि ज्यानं या सगळ्यांच्या लग्नांत वाजवलं त्याच्यासाठी एक सूर नाही. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्या शांततेत एकच आवाज येत होता. ती मुलगी, आता नऊ वर्षांची, आईला टेकून भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होती. टच्, टच्. दाणे चावल्याचाही आवाज येत होता. कुणीतरी मागून तिला दटावायला हात पुढे केला. तिच्या आईनं तो हात धरून ठेवला आणि मुलीचं खाऊन होईपर्यंत सोडला नाही.