आजीच्या कवितेच्या पुढच्या दोन ओळी

भूतखेत, संकेत, ‘वरच्याची इच्छा’... असलं काही कुणी सांगू लागलं की मी चहा ठेवायला उठते. मानेसरला गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे मी. तपासल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. तरी हे लिहितेय, कारण त्या खोलीत मी एकटी नव्हते.

करोल बागेत आम्हा मराठी लोकांची छोटी लायब्ररी आहे. महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथे आवडती कविता मोठ्याने वाचायची. नियम एकच – अर्धी वाचायची नाही. कुणी अडखळलं तर मागून सांगायचं नाही, सगळे गप्प थांबतात. लायब्ररी चालवणाऱ्या कुंदाताई याबाबतीत भारी कडक!

माझ्या बाबांना विसरायला होतंय, आणि ते वाढत जाणार असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. त्यांची आई यवतमाळकडे लोकांच्या कपाशीच्या शेतात राबायची. तिला अक्षर येत नव्हतं, पण स्वतः रचलेली एक कविता ती कामावर म्हणायची. बाबांना पहिल्यापासून तिच्या दोनच ओळी आठवत –

उभ्या पऱ्हाटीच्या रानी ऊन आलं डोक्यावर,
कडेवरच्या लेकाले सावली धरू कुठवर?

“पुढे काय होतं गं सोनू?” रोज हाच प्रश्न. आजी माझ्या जन्माआधीच गेलेली, मला काय माहीत! पण मीही हट्टाला पेटले. बाबा सगळं विसरायच्या आत त्यांना पूर्ण कविता ऐकवायचीच. अमरावतीच्या आत्याला विचारलं, गावाकडच्या म्हाताऱ्यांना फोन केले... कुणालाच आठवेना. शेवटी दोन तर दोन, म्हणून बाबांना घेऊन लायब्ररीत गेले.

“अगं, पण नियम?” कुंदाताई म्हणाल्या.

“आज मोडू द्या ना, प्लीज.”

“वाच तू. पण आम्ही थांबणार.”

दोन ओळी वाचल्या. थांबले. खरंच सगळे थांबले. बाबा माझ्याकडे एकटक बघत होते, आणि मला फार वाईट वाटलं. खाली बसणार एवढ्यात माझं तोंड आपसूक उघडलं –

चाड्यावर मूठ माही, तिफनीच्या मागं मागं,
तू शायेत जाय लेका, माहा जीव तुह्यासंगं.

ना अंगावर काटा, ना गार वारा. आवाज माझाच. मी जन्माने दिल्लीची. ‘चाडं’ म्हणजे पेरताना ज्यात बी सोडतात ते, हे मला नंतर कुंदाताईंनी सांगितलं.

बाबा उठून उभे राहिले. “हेच! बिल्कुल हेच!” म्हणत ढसाढसा रडले. माझी आई गेली तेव्हाही ते असे रडले नव्हते.

घरी आल्यावर आत्याला फोन लावला. तीन ओळी म्हटल्या. चौथी माझ्याआधी तिनेच म्हटली.

मैत्रीण म्हणते, “लहानपणी बाबांनीच गुणगुणलं असेल यार.” अगं, जो माणूस जन्मभर त्या ओळी शोधतोय तो गुणगुणणार कुठून? आत्याही विसरलेली. सगळं पुन्हा पुन्हा तपासलं मी. काही हाती लागत नाही.

आता बाबा कधीकधी मला ओळखत नाहीत. तरी रोज संध्याकाळी चारही ओळी म्हणते, चुकवत नाही. ऐकून ते अगदी अदबीने विचारतात, “बाई, तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

“तुमच्या आईनं,” मी सांगते. मला ते अजून पटलेलं नाही. पण खोटं बोलतेय असंही वाटत नाही.