त्रुसच्या खिडकीकडे तोंड केलेलं झाड

डिसेंबरातल्या एका सकाळी चहा टाकायला खाली आले, तर मागच्या बागेतलं झाड आमच्याकडे पाठ करून उभं होतं...

झाडाला कसली पाठ, म्हणाल. सांगते. आम्ही राहतो त्या आइंडहोवेन या डच शहराच्या खेमेन्तेने, म्हणजे आपल्या भाषेत नगरपालिकेने, इथली देशी झुडपं वाटली होती. त्यातलं हे 'रोडे कोर्नुल्ये'. उन्हाळ्यात अगदी बावळट दिसतं, पण थंडीत पानं गळली की काड्या लालभडक होतात, ओल्या कुंकवासारख्या.

गोम एवढीच, की काडी लाल होते ती फक्त ऊन खाल्लेल्या बाजूने. मागची बाजू हिरवीच राहते. आणि आमच्या बागेत ऊन येतं पलीकडून, मागच्या घराच्या दिशेने. म्हणजे खतपाणी मी घालायचं आणि लाल रंग मागच्यांनी बघायचा!

हे मला सहन होणं शक्यच नव्हतं. झाड मोठ्या कुंडीत आहे आणि कुंडी चाकांच्या स्टँडवर. आदल्या संध्याकाळी मी ती ढकलून ढकलून गोल फिरवली होती, लाल बाजू आमच्या काचेकडे केली होती. सकाळी बघते तर परत हिरवी.

माझा नवरा मंदार इंजिनिअर. त्याने चहा पिता पिता निकाल देऊन टाकला, "वारा असणार. चाकं आहेत ना खाली."

मग मी कुंडी पुन्हा फिरवली आणि चाकांना ब्रेक लावले. दुसऱ्या दिवशी गच्च धुकं, वाऱ्याचा मागमूस नाही. त्या धुक्यात ते झाड पाठमोरं उभं... ब्रेक लावलेलेच.

मीही हट्टाला पेटले. मी संध्याकाळी फिरवायचे, सकाळी ते परत फिरलेलं असायचं. फरशीवर शेवाळं धरलंय, त्यावर मी फिरवल्याच्या चाकांच्या खुणा स्पष्ट दिसायच्या. परत फिरल्याची खूण मात्र कधीच नसायची. हे लक्षात आलं त्या दिवसापासून मी बागेचं दार दोनदोनदा तपासायला लागले.

संशय होता मागच्या घरातल्या यापवर. ऐंशीच्या पुढचा उंचापुरा माणूस. त्याची बायको त्रुस बरेच महिने अंथरुणाला खिळलेली. दोन्ही बागांच्या मधून एक अरुंद वाट जाते, आमचं फाटक तिकडेच उघडतं. म्हटलं, हाच येत असणार गुपचूप.

संक्रांतीला मी दरवर्षी शेजारीपाजारी तिळाचे लाडू देते. यंदा डबा घेऊन सगळ्यात आधी यापकडे गेले. लाडू द्यायचे आणि जाब विचारायचा, असं ठरवूनच.

त्याने थेट बागेकडच्या खोलीत नेलं. तिथेच खिडकीला लावून त्रुसचा पलंग. मी तिच्या उशाशी वाकले, सहज तिच्या नजरेच्या रेषेत बाहेर पाहिलं आणि जाब विचारायचा राहूनच गेला. करडं आभाळ, करडं कुंपण, आणि मधोमध माझं झाड... पेटल्यासारखं लाल. त्या उशीवरून दुसरं काही दिसतच नव्हतं.

याप म्हणाला, "तू रोज ते आमच्याकडे वळवतेस ना, तिचा सगळा दिवस त्यावर जातो. आभार मानायला यायचं होतं, पण या गुडघ्यांनी माझं घराबाहेर पडणंच बंद केलंय."

अहो, मी नाही... असं म्हणायला तोंड उघडलं, तर त्रुस माझ्याकडेच बघत होती. तिने मान किंचित हलवली. नको सांगूस, अशी. आणि चादरीवर तिचं एक बोट सावकाश गोल फिरत होतं.

मी लाडू ठेवले आणि घरी आले. त्यानंतर कुंडीला हात लावला नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण ती उशी आठवली की वाटायचं, राहू दे तिकडेच. मला बघायला सगळं जग पडलंय, तिला एवढंच आहे.

फेब्रुवारीतली एक सकाळ. नुकतं फटफटत होतं. मी जिन्यावरूनच पाहिलं आणि तिथेच थांबले. काचेबाहेर सगळं लाल. एकूण एक काडी आमच्याकडे तोंड करून उभी होती.

मी मंदारला हाक मारली. तो बाहेर जाऊन चाकांपाशी उकिडवा बसला, ब्रेक बघितले, शेवाळ्यावरून हात फिरवला. आत आला आणि शेवाळ्याचे हात तसेच घेऊन खुर्चीत बसला.

चहा होतोय तोच यापचा फोन. त्रुस पहाटे गेली, झोपेतच. मग म्हणाला, "काल सारखं म्हणत होती, शेजारणीचं झाड तिला परत द्यायचंय. मला काही समजलं नाही. तुला कळतंय का?"

कळतंय, म्हटलं.

तेव्हापासून कुंडी जागची हललेली नाही. मार्चमध्ये ही झुडपं पार बुडाशी छाटावी लागतात, तरच पुढच्या थंडीत नव्या लाल काड्या येतात. मी छाटल्या, त्यातल्या बऱ्याचशा यापला नेऊन दिल्या. त्याने त्या उंच बरणीत घालून त्याच खिडकीत ठेवल्यात.

आधी सकाळी खाली उतरताना छाती धडधडायची, झाड फिरलं असेल म्हणून. आता उतरते, कुंडी जिथल्या तिथे असते... आणि त्याचंच वाईट वाटतं. थँक यू, त्रुस. नसतं परत दिलंस तरी चाललं असतं गं.